नंतर बदलू की!

तयार झाल्यावरही आतली जोडणी बदलता येईल, अशी मोठी चिप आम्ही नाशिकच्या ऑफिसात डिझाइन करत होतो. मी शंका काढली की देवळाली कॅम्पहून येणारा सहकारी हसायचा, "मॅडम, नंतर बदलू की! चिप कशासाठी आहे?" पुढे सगळ्यांचंच ते पालुपद झालं.

चिप बनून आली, पण नवी जोडणी आत घेईचना. चूक नेमकी ती आत घेणाऱ्या भागात होती, आणि तेवढाच भाग कधीच बदलता येत नाही. पुन्हा चिप बनवायला कंपनीने नकार दिला आणि टीमच बंद केली.

शेवटच्या दिवशी मी टेबल आवरत होते. देवळालीच्या त्या सहकाऱ्याने हातातली चिप दाखवत विचारलं, "मॅडम, हिचं काय करू?"

"नंतर बघू," सवयीने तोंडातून गेलं. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.