भरीत पार्टीची पंगत

पूर्वी जळगावच्या आमच्या चटई कारखान्यात टाइम ऑफिसला एक भाऊ होते. उशीर झाला की गेटवरच शिव्या घालायचे. विषय तिथंच संपायचा. आता एचआरच्या मॅडम आल्यात. ‘माय कशी शे?’ असं आमच्याच बोलीत गोड विचारतात, तिथंच मला शंका येते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी शेतात भरीत पार्टी दिली. स्वतः जेवल्या नाहीत, नुसत्या वाढत फिरल्या. आम्ही चौघे मित्र शेजारी शेजारी बसलो होतो. आठवडाभरात चौघांच्या शिफ्ट वेगळ्या झाल्या. योगायोग म्हणे! यंदा मी मुद्दाम सुपरवायझरला खेटून बसलो. त्याचं तोंडसुद्धा मला बघवत नाही, तरी आग्रह करून भरीत वाढलं, टाळ्या देत हसलो. सोमवारी त्याची शिफ्ट बदलली होती.