प्रभावतीची जांभई

मये गावात मुलाला दिष्ट लागली की प्रभावतीकडे आणत. मीठ-मिरच्या ओवाळताना तिला जांभई आली की आया निर्धास्त होत. जांभई जेवढी मोठी, तेवढी पीडा मुलातून निघून तिच्यात उतरली, असा सगळ्यांचा समज. तिचाही.

पाच वर्षांच्या अक्षयला तापात आधी तिच्याकडेच आणलं होतं. मांडीवर घेऊन ती जांभया देत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. "लय जड होती गो," ती त्याच्या आईला म्हणाली. आई घरी गेली. सकाळपर्यंत पोराची मान ताठ झाली. आता तो मोठ्या इस्पितळात आहे. शुद्धीवर आलाय, पण मागून हाक मारली तर वळत नाही.

मग आरोग्यकेंद्रातली नर्स सुमंगला आली. मेंदूज्वर, म्हणाली. त्याच्या जवळ आलेल्या सगळ्यांना गोळ्या.

"माका कित्याक? मी धडधाकट आसंय."

"धडधाकट माणसांच्याच घशात बसतो हा जंतू, आजी. त्यांना काही करत नाही. एखाद्या पोराला गाठतो."

"म्हणजे माझ्याकडसून गेलो?"

"तुमच्याकडे आणला तेव्हा ताप होताच ना?"

"त्याच्या आधी तो माझ्या पडवेर खेळलेलो."

"बापाकडून आला असेल, शाळेतून, बसमधून. माझ्याकडूनही. कळायचं नाही."

"मगे तो माझ्यात उतरलो, की माझ्यातसून तेच्यात?"

सुमंगलाला हसू आलं, ते तिने आवरलं. "गोळी घ्या. लघवी तांबडी होईल, घाबरू नका."

तांबडी झाली. प्रभावती बघत राहिली. औषध बाहेर पडतंय की पीडा, तिला ठरवता येईना. आजवर किती पोरांच्या तोंडावर आपण जांभया दिल्या, हे तिच्या मनात येई आणि ती कामाला लागे.

आठवड्याने शेजारची सुविधा तापलेल्या लेकीला, सिद्धीला, घेऊन दारात उभी राहिली. "आजये, बेगीन दिष्ट काढ. माका कामार जावचा आसा."

प्रभावती लांबच बसली. "मान खाली घाल गो बाय. बेंबी बघ."

सिद्धीने बघितली. "म्हेळी आसा," ती बोटाने मळ पुसत हसून म्हणाली.

मान वाकली. म्हणजे काही नाही? पण सुमंगला म्हणाली होती, लहानांची मान नेहमीच ताठ होते असं नाही.

"डॉक्टराकडे व्हर तिका."

"अक्षयाची काढलंस, आमची नाय? आमी काय केलां तुझा?"

"अक्षयाची काढलंय म्हणान तेची रात फुकट गेली. माझ्यात काय आसा, ता माकाच कळना नाय गो."

सुविधाने पोरीला खांद्यावर टाकलं. "चल तर तू पण. मी एकटी काय सांगतलंय थंय?"

प्रभावती मागून चालू लागली, अंतर ठेवून. चढणीवर सुविधा दमली, थांबली आणि तिने सिद्धीला पुढे केलं. प्रभावतीने आधी तोंड दुसरीकडे वळवलं, मग पोरीला घेतलं.