ताराबाईंची हाडांची गोधडी

नारायण मास्तरांच्या लोखंडी कपाटामागे एकूण सव्वीस एक्स-रे होते. मास्तरांचे स्वतःचे अकरा, त्यांच्या आईचे, म्हणजे ताराबाईंच्या सासूबाईंचे नऊ, मुलीच्या, म्हणजे श्रावणीच्या कोपराचे चार, आणि दोन कोणाचे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर जुने फोटो मागतात, म्हणून एकही टाकायचा नाही असा मास्तरांचा नियम. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचा खुबा कपाटामागे होताच.

दिवाळीच्या झाडझुडीत ताराबाईंनी ते सगळे बाहेर काढले आणि पुसता पुसता एक खिडकीशी धरला. निळ्या उजेडात सासूबाईंच्या फासळ्या. जिवंतपणी त्या इतक्या शांत कधी दिसल्या नव्हत्या.

ताराबाईंचा हात गोधडीवर बसलेला. त्यांनी दाभणानं फिल्मच्या कडेला भोकं पाडली, लाल दोऱ्यानं एकाला एक जोडलं, भोवती जुन्या लुगड्याची किनार लावली. दोन महिन्यांनी ती गोधडी बाल्कनीत उन्हाला टांगली, तर खाली दूधवाले नत्थुजी सायकल धरून उभेच राहिले.

"बाई, घरात कोनाचं काय मोडलं?"

"सगळ्याइचंच," ताराबाई वरून म्हणाल्या.

मास्तर आतून धावत आले. "माह्या छातीचा फोटू गल्लीत कायले टांगला वं? लोकं काय म्हनतीन?"

"मास्तरले छाती हाय म्हनतीन."

मास्तरांचा पुतण्या सौमित्र अमरावतीला चित्रकला शिकवायचा. अकोल्यात जुन्या शहरातल्या या घरी तो सहज म्हणून आला आणि गोधडीसमोर चहा गार करत उभा राहिला. दवाखान्यातल्या फोटोंतून चित्रं करणारे कलावंत ठिकठिकाणी आहेत, असं त्यानं सांगितलं. "पन अशी गोधडी मी पाहिली नाही, काकू. रविवारी आमचं प्रदर्शन हाय अमरावतीले. तिथं लावू." मग सहज विचारलं, "याच्यात तुमचा कोनता?"

ताराबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. ही सगळी पाकिटं त्यांनीच काखेत धरून नेली होती. प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर त्याच बसल्या होत्या. "मले काही झालंच नाही रे," त्या म्हणाल्या.

"साऱ्या घराची गोधडी, अन् तुमीच नाही?"

तो गेला. पण ते बोलणं ताराबाईंना काही सोडेना. उजव्या कोपऱ्यात किनारीपाशी एक तुकडा भरीला साध्या कापडाचा होता. येता जाता नजर तिथेच जायची. गोधडीत आपण असल्याशिवाय ती अमरावतीला धाडायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता काय दुखतं म्हणून सांगायचं? गुडघे मास्तरांचे झाले होते, मान सासूबाईंची. हाताचा पंजा तेवढा कोणाचा नव्हता. डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "मनगट दुखते." अगदीच खोटं नव्हतं. थंडीत दुखायचंच.

एक्स-रे काढणारा उजैर हा शाळेत श्रावणीच्या वर्गात होता. "काकू, आता फिल्म कोनी नेत नाही. मोबाइलवर धाडतो."

"मोबाइलले दोरा कसा लावू?"

त्यानं हसत फिल्म काढली, उजेडावर लावली आणि त्याचं हसू थांबलं. "हात कधी मोडला होता तुमचा?"

"मोडला नव्हता. मुरगळला होता."

"मुरगळल्यानं असं होत नाही. हे पाहा, वाकडं जुळलं."

ताराबाईंना तो जुना दिवस आठवला. नणंदेच्या लग्नाला आठ दिवस होते. गच्चीवरून कुरड्यांनी भरलेलं सूप आणताना त्या पायऱ्यांवर घसरल्या होत्या. कुरडी एकही मोडली नव्हती, याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

घरी येऊन त्यांनी कापडाचा तुकडा उसवला आणि तिथं फिल्म टाचायला घेतली. मास्तर चष्मा लावून जवळ आले.

"हे कोनाचं?"

"माहं. तुमच्या बहिनीच्या लग्नात मोडलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं होतं. तुमी म्हनले, लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू. मी आंबेहळदीचा लेप लावला अन् महिनाभर डाव्या हातानं पोया लाटल्या."

मास्तरांनी वाकून फिल्म जवळून पाहिली. मग त्यांचा चेहरा उजळला. "तरीच! त्या टायमाले पोया जाड व्हायच्या!"

ताराबाईंनी दोरा दातानं तोडला. सौमित्रचा फोन आला, चिठ्ठीवर गोधडीचं नाव काय लिहायचं म्हणून. 'आमचं घर' असं त्यांनी ठरवलं होतं.

"लिही," त्या म्हणाल्या, "'जाड पोळ्या'."

रविवारी अमरावतीत जो तो गोधडीपाशी थांबायचा आणि नावाचा अर्थ विचारायचा. ताराबाई खुर्चीवर बसून नुसत्या ऐकत होत्या. पण मास्तर पडले शिक्षक, कोणी प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही असं कसं व्हायचं? सकाळी ते पोळ्या किती जाड होत्या, ते बोटांनी दाखवत होते. दुपारी कुरड्यांचं सांगू लागले. लोक हसेनात, उलट ताराबाईंच्या हाताकडे पाहायला लागले, तसतसं मास्तरांचं सांगणं आखूड होत गेलं.

संध्याकाळी परतवाड्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "जाड पोया कायच्या, गुरुजी?"

"बायकोचा हात मोडला होता," मास्तर म्हणाले. "मी दवाखान्यात नेलं नाही."

ताराबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली. "बसा आता," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभे हाय तुमी."