काचेआडचं ऊन

त्या सकाळी आभाळ मळकट, पिळायचं राहून गेलेल्या चादरीसारखं खाली लोंबत होतं. वारा नव्हता, तरी थंडी हाडात शिरत होती. इस्त्रीवाल्यानं दुकानाचं शटर वर ढकललं, इस्त्री तापत ठेवली, आणि त्याची बायको खिडकीतल्या आपल्या खुर्चीवर बसली. बसली म्हणजे काय, टेबलाची कड धरून विहिरीत उतरावं तशी हळूहळू खाली गेली.

गल्लीत तिला सगळे सुईकाकू म्हणत. कोटाला सिगारेटनं भोक पाडा, शालीला उंदराचं तोंड लागू द्या, सुईकाकूकडे टाका आणि निर्धास्त व्हा. कापडाच्याच आतल्या दुमडीतून ती केसाएवढा धागा उसवून काढायची, सुईत ओवायची आणि भोकावर असा विणायची की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. या रफूला दिव्याचा उजेड चालत नाही. दिव्याखाली निळा काळा दिसतो आणि काळा तपकिरी. म्हणून नवऱ्यानं भिंत फोडून तिच्यासाठी माणसाएवढी काच बसवली होती. नऊपासून चारपर्यंत ऊन तिच्या मांडीवर. काच मात्र कायम बंद. उघडली की धूळ, आणि धूळ म्हणजे धुतलेल्या कपड्यांचा सत्यानाश.

अकरा वर्षांपूर्वी तिला संधिवात जडला होता. म्हातारपणाचा नव्हे, शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं, तो. सकाळी मूठ उघडायची नाही, मनगटं टरारून फुगायची. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्याची एक गोळी लावली, सुजेवर छोटी पांढरी गोळी लावली आणि वर्षभरात बोटं मोकळी झाली. तेव्हाच बाईंनी बजावलं होतं, "यानं पुन्हा उसळी मारली तर बोटं वाकडी होतील. मग सुई विसरायची." तिनं ते मनाला लावून घेतलं. बाकी काही गेलं तरी चालेल, पण बोटं नाहीत.

आणि गेल्या हिवाळ्यापासून दुखणं परत आलं होतं.

नडग्यांवर हात ठेवला तरी कळ यायची. बरगडीत काहीतरी रुतून बसलं होतं. जिना चढताना मांड्या साफ नकार द्यायच्या. बोटं अजून ठीक होती, पण ती स्वतःशी म्हणायची, चोर अंगणात आला की घरात यायला कितीसा वेळ? कुणाला सांगितलं नाही. पांढरी गोळी बाईंनी दोन वर्षांपूर्वी हळूहळू बंद केली होती. जुनी चिठ्ठी दाखवून ती गोळी तिनं औषधवाल्याकडून पुन्हा सुरू केली. सुयांच्या डबीत ठेवायची, रोज एक. दुखणं वाढलं तशा दोन. घेतली की दोन-चार तास बरं वाटायचं, आणि तेवढ्यावर तिचा विश्वास बसला.

"अगं, बदकासारखी डुलतेस का चालताना?" इस्त्रीवाल्यानं एकदा विचारलं.

"तुम्ही इस्त्रीकडे बघा. मागच्या आठवड्यात कुणाचा शर्ट जाळलात?"

"जाळला नाही, जरा पिवळा पडला."

"मग मीही जरा पिवळी पडलेय म्हणा."

तो हसला. नंतर बराच वेळ तो तिच्या पायांकडे बघत राहिला, हे तिला दिसलं नाही.

त्या मळकट सकाळी शाळेतले मास्तर कोट न्यायला आले. ती उठली, कोट हातावर घेतला आणि एक पाऊल टाकलं. घसरली नाही, अडखळली नाही, कुठं आपटली नाही. पाय जमिनीवर टेकला, एवढंच. आतून वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. पडता पडता तिनं कोट तेवढा वर धरला.

"काकू, कोटाचं राहू द्या हो!" मास्तर ओरडले.

"आधी तो घ्या," ती म्हणाली, "इस्त्री मोडेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला. "सूज नाही. दुखणं झोपलंय. बोटं छान आहेत."

हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुखणं झोपलंय, तर मग वर्षभर जागं कोण आहे?

एक्स-रेच्या फोटोत पावलाचं हाड चिरलेलं होतं. बरगड्यांवर आणखी दोन चिरा निघाल्या, जुन्या, अर्धवट भरलेल्या. कधी पडल्या ते तिलाही ठाऊक नव्हतं. रक्त घेतलं. दोन दिवसांनी पायाला प्लास्टर घेऊन नवरा-बायको पुन्हा बाईंसमोर बसली.

"व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय," बाई म्हणाल्या. "संधिवाताच्या पेशंटमध्ये ते कमी असलेलं मी नेहमी बघते. पण इतकं? दर वेळी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, दिवसभर उन्हात असते."

"असतेच मुळी! नऊ ते चार."

"भिंत फोडून काच बसवलीय, बाई," इस्त्रीवाला कौतुकानं म्हणाला. "माणसाएवढी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काचेच्या आड बसता?"

"आडच. उघडली की धूळ येते ना."

"काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण अंगात डी तयार करणारं जे ऊन असतं, ते काच आत सोडत नाही." बाईंनी तिचा जुना केसपेपर उलटला. "चूक माझीही आहे. उन्हात असते म्हणालात, मी तपासायचं टाळलं."

इस्त्रीवाल्याचा चेहरा उतरला. जी काच तो चारचौघांत मिरवायचा, तीच बायकोला भोवली होती.

"तरी हाडं एवढी पोकळ कशी?" बाई फोटो पुन्हा उजेडात धरत म्हणाल्या. "पांढरी गोळी तर बंद आहे ना?"

हो म्हटलं की सुटले, तिच्या मनात आलं. कोण बघणार आहे? मग फोटोतल्या बरगड्यांवर नजर गेली. त्या कुणा तिऱ्हाइताच्या असाव्यात तशा वाटत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "घेतेय. रोज दोन."

"अगं!" नवरा ओरडलाच. "माझ्या नाकासमोर?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुकान बंद केलं असतंत."

बाई रागावल्या नाहीत, ते तिला जास्त भीतीचं वाटलं. "दुखत होती हाडं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही औषध देत होतात सांध्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यात ती गोळी स्टेरॉइडची, हाडंच पोखरते. पण घरी जाऊन फेकून देऊ नका हं. शरीराला सवय झालीय, एकदम सोडलीत तर कोसळाल. मी सांगेन तशी उतरवू. डीचं औषध आणि कॅल्शियम आजपासून. नुसत्या उन्हावर आता भागायचं नाही."

"आणि मग भरून येईल?"

"पाऊल येईल. दुखणंही ओसरेल." बाईंनी तिच्या कमरेखाली बोट दाखवलं. "खुब्याचं सांगत नाही. ती तपासणी व्हायचीय. तोवर पडायचं नाही."

"बोटं?"

"बोटं शाबूत आहेत, काकू."

अकरा वर्षं जे राखलं ते राहिलं होतं. आणि ते राखता राखता खाली काय ढासळलं, त्याचा हिशेब कुणी सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ फाकलं. इस्त्रीवाल्यानं खुर्ची बाहेर रस्त्याकडेला नेऊन ठेवली. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. हजारदा न बघता उतरलेल्या. आज तिनं प्लास्टरचा पाय सावरत नवऱ्याचा दंड धरला आणि पहिल्या पायरीवर पाय टेकवण्याआधी श्वास रोखला. काही मोडलं नाही. दुसऱ्या पायरीवरही नाही. खुर्चीत बसेपर्यंत तिचा ब्लाउज घामानं भिजला होता.

"रफूचं काम इथं नको," तो म्हणाला. "धूळ बसेल."

"मग दुसरं द्या काहीतरी. नुसती वाळत घातल्यासारखी किती वेळ बसू?"

त्यानं धुऊन आलेल्या शर्टांचा ढीग तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आपल्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि कॉलरींना टाचलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला घेतल्या.