मावशींच्या काचेतले पक्षी

भर चौकातल्या त्या पाच मजली ऑफिसच्या काचा पुसण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावीस वर्षं बादली, वायपर आणि फडकं. काच अशी लख्ख, की काच आहे हेच कळू नये! सुपरवायझर तर पाहुण्यांना मुद्दाम बाहेर आणून दाखवायचा.

याच काचेत मावशी पक्षी बघायच्या. चौकाकडे पाठ करून काम करायचं, तर मागचं सगळं समोर दिसणारच की! बसगाड्या, माणसांचा लोंढा, आणि त्यातूनच सुळकन जाणारा एखादा खंड्या. नवरा घरी खो खो हसायचा. "चौकात कसले गं पक्षी? कावळे आणि कबुतरं!" मावशींनी त्याला एकोणीस जाती बोटांवर मोजून दाखवल्या. सिग्नलच्या खांबात मैनेचं घरटं आहे, हे खाली उभ्या पोलिसालाही माहीत नव्हतं, मावशींना होतं.

काचेखाली अधूनमधून मेलेला पक्षी सापडायचा. उन्हानं गेला असेल, मांजरानं टाकला असेल, असं म्हणत मावशी तो समोरच्या झाडाच्या बुंध्याशी पुरायच्या. पण त्या सकाळी त्यांनी काचेतच पाहिलं. निळाभोर खंड्या सरळ येतोय, मोठा होतोय. आता वळेल, मग वळेल... फाट्! त्यांच्या खांद्याशेजारीच आपटला. ओंजळीत घेतला, तर ऊब होती, जीव नव्हता.

काचेत झाड दिसतं, आभाळ दिसतं. तो बिचारा आभाळ समजूनच आला! म्हणजे ज्या हाताचं एवढं कौतुक झालं, त्याच हातानं हे? भर चौकात, लोकांदेखत, मावशी रडल्या.

मुख्य दारावर माणसं आपटू नयेत म्हणून पांढरे पट्टे होते. तिथे कधी एकही पक्षी पडला नव्हता. "साहेब, सगळ्याच काचांवर तसे पट्टे मारू या का?" त्यांनी विचारलं. सुपरवायझर उखडलाच. "काच दिसायला लागली तर तुम्हाला ठेवायचं कशाला? पुढच्या महिन्यात नोकरीत कायम करायची यादी जातेय. तुमचं नाव पहिलं आहे. नसते उद्योग नकोत."

त्या यादीची मावशी बावीस वर्षं वाट बघत होत्या. दोन दिवस येता-जाता त्या दारावरच्या पट्ट्यांमधलं अंतर बोटांनी मोजत होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांची काच बिघडली. चार-चार बोटांच्या अंतरावर साबणाच्या पाण्याचे ओघळ वाळून राहू लागले, एकूणएक काचेवर. "म्हातारीचा हात गेला," लोक म्हणाले. झाडूवाली तर तोंडावर हसली. मावशींना ते काय झोंबलं असेल! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओघळ. अशी बाई शोधून सापडायची नाही.

यादी गेली. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

सुपरवायझर तसा वाईट माणूस नव्हता. स्वतः खाली आला, काचेला टेकून उभा राहिला. "मावशी, खरं सांगा, डोळ्यांना दिसत नाही का तुम्हाला?"

"अंधुक झालंय साहेब. वय झालं आता."

त्याच वेळी त्याच्या डोक्यावरच्या, ओघळ वाळलेल्या काचेत एक खंड्या चौक ओलांडून सुसाट येत होता. हातभर अलीकडून तो गर्रकन वळला आणि झाडात शिरला. त्याच्या चोचीतल्या नाकतोड्याचे पाय अजून हलत होते, तेसुद्धा मावशींना दिसले.