हातावर चढत गेलेल्या गाठी

“टीबी नहीं है जी. फंगस है,” त्वचारोगाच्या डॉक्टर म्हणाल्या आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकवून रडले. पाच महिने मी टीबीच्या गोळ्या गिळत होते.

नवऱ्याची, महेशची, चंदीगडला बदली झाली तेव्हा क्वार्टरपुढे गुलाब छाटताना माझ्या बोटात काटा मोडला. तीन आठवड्यांनी तिथे पुळी आली, फुटली, चिघळली. मग मनगटावर गाठ, तिच्यावर दुसरी, अशा कोपरापर्यंत चढल्या. एका छोट्या दवाखान्यात बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. टीबीचा संशय आला आणि गोळ्या सुरू झाल्या.

मळमळायचं, जेवण जायचं नाही. गाठी वाढतच होत्या.

आमची सात वर्षांची तन्वी बदल्यांमध्ये वाढली, हिंदीतच बोलते. एकदा केस विंचरायला गेले तर मागे सरकली. “मम्मी, उस हाथ से नहीं, प्लीज.”

मी महेशला म्हणाले, “हात कापून टाका म्हणावं. मला आता सहन होत नाही.” तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला.

तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, “पहला टुकड़ा किसमें भेजा था?”

फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवण्याच्या द्रावणात. त्यात बुरशी मरते. मग कल्चर, म्हणजे ती नळीत वाढवून ओळखण्याची तपासणी, होतच नाही. पुन्हा तुकडा काढला, सलाइनमध्ये घालून लगेच प्रयोगशाळेत पाठवला.

आठवडा गेला. काही उगवलं नाही. दहावा दिवस, तरी नाही. आता कॅन्सरच असणार, असं मी धरून चालले. तन्वीला कोल्हापूरला आईकडे ठेवायचं बोलणंही झालं.

चौदाव्या दिवशी बोलावणं आलं. स्पोरोट्रायकोसिस: माती-काट्यांतून कातडीखाली शिरणारी बुरशी. “इन पहाड़ों के आसपास मिलती है,” डॉक्टर म्हणाल्या. बुरशीवरची औषधं सहा महिने घेतली. गाठी विरल्या, व्रण राहिले, एक बोट अजून पुरतं वळत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बायोप्सीआधी एवढं विचारा: कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार ना?

औषधं संपल्यावर मी प्रयोगशाळेत आभार मानायला गेले. नाव सांगितलं तशी तिथल्या तंत्रज्ञ गुरप्रीतजी उठून उभ्या राहिल्या. आम्ही कधी भेटलोच नव्हतो.

“आपका नाम तो मैं रोज़ सुबह पढ़ती थी जी,” त्या म्हणाल्या. “नली पर. और रोज़ सोचती थी, आज तो कुछ उग जाए.”