रोशनच्या गाडीचं स्टिअरिंग

लष्करातली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, बर्फाच्या पट्ट्यात होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. पोस्टवर ॲम्ब्युलन्स एकच, आणि तिचा ड्रायव्हर शिपाई रोशन. तो मौद्याकडचा, मी नागपूरचा. दिवसभर सगळं हिंदीत चाले. गाडीखाली शिरलो की आम्ही आपल्या बोलीवर यायचो.

एकदा दगडावर आपटून ॲम्ब्युलन्सची ड्रॅग लिंक वाकली. म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा. मी खालच्या कॅम्पला गेलो होतो. रोशननं स्टोअरमधून नवी लिंक काढून स्वतःच बसवली. मी परतलो तेव्हा तो तोंड पाडून उभा.

"उस्ताद, गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग डावीकडे तिरपं राहून राहिलं. काढून सरळ बसवून टाकू का?"

"काहून? दिसन सरळ, पण एका अंगाले कमी वळन. या घाटात जमन का तुले?"

आम्ही चाकं सरळ केली, लिंकचे क्लॅम्प सैल केले आणि मधली नळी थोडी थोडी फिरवत गेलो. स्टिअरिंग मधोमध आल्यावर क्लॅम्प आवळले. रोशन एक फेरी मारून आला. खूश होता. खोकत होता. थंडीनं असेल, असं तोच म्हणाला.

सकाळी त्याला श्वास घेता येईना. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, तसं झालं होतं. नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावला. साहेबांचा हुकूम आला, ताबडतोब खाली न्या. स्टिअरिंगवर मी बसलो.

मागून रोशनचा आवाज आला. "उस्ताद, सरळ हाय ना?"

"एकदम सरळ हाय गा. बोलू नको."

घाटातल्या देवळाच्या वळणापुढे रस्ता नव्हता. कडा कोसळून दरीत गेला होता. मी रेडिओ सेट उचलला.

"बेस, रोड ब्लॉक है. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम नहीं है. वेट करो. ओव्हर."

कोसळलेल्या भागापलीकडे खालच्या कॅम्पची गाडी आली होती. तिच्याजवळची माणसं दिसत होती. मी आणि नर्सिंग असिस्टंट स्ट्रेचर उचलून ढिगाऱ्यावरून पायी निघालो. वरून दगड आले, मागे फिरलो. पुन्हा निघालो, पुन्हा फिरलो. सेटवर विचारलं. उत्तर तेच. सिलिंडर संपत आला. मी रोशनचे हात चोळत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ढग हटायच्या आत तो गेला.

आता मी नागपूरला मनीषनगरात राहतो. दरवर्षी त्याच्या आईला भेटायला मौद्याला जातो. ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. मग रोशनचं सांगते. शाळेत असताना ऐन मे महिन्यात त्यानं घरचा कूलर खोलून ठेवला होता; सगळं घर घामाघूम, आणि हा पंख्याची पाती पुसत बसलेला. सांगताना हसते. मग विचारते.

"गाडी तर चांगली होती म्हणता. मंग पुढं काहून नाई गेली, बाबू?"

"रस्ताच नव्हता, माय."

ती मान हलवते. पुढच्या वर्षी पुन्हा विचारते.